आधी जमीन बघा, मग बॉल

भाताची कापणी झाली, झोडणी आटपली आणि रान मोकळं झालं, की शहापूर-मुरबाडकडे गावोगावी क्रिकेटच्या चषकांची पत्रकं फिरायला लागतात. पूर्वी ही पत्रकं छापील असायची, वाण्याच्या दुकानाच्या फळीवर आणि एसटी स्टँडच्या खांबावर खळीने चिकटवलेली. आता व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. मजकूर तोच. वर ग्रामदैवताचं नाव, मग मान्यवरांचे फोटो (हे दरवर्षी वाढतात), मग बक्षिसांचे आकडे, प्रवेश फी, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात नियम. त्या नियमांत एक ओळ हमखास असते : 'बॉल आयोजकांचा राहील.'

वाचणाऱ्या दहातल्या नऊ जणांचं या ओळीकडे लक्षही जात नाही. पण संघाचा कप्तान पत्रकावरच्या नंबरला फोन लावतो तेव्हा बक्षिसाच्या आधी हेच विचारतो, "बॉल कुठला हाय?" आणि लगेच दुसरा प्रश्न, "पीच कुठं, शेतात का माळावर?" ही दोन उत्तरं मिळाली की कुणाला खेळवायचं आणि कुणाला पाणी न्यायला ठेवायचं, हे अर्धंअधिक ठरून जातं.

आज शनिवार, ऑफिसचा लॅपटॉप बंद आहे, आणि मला या दोन प्रश्नांबद्दलच लिहायचंय. क्रिकेटची आवड नसेल तरी वाचा. मुद्दा क्रिकेटपुरता नाहीये.

बाहेरच्या माणसाला टेनिस बॉल म्हणजे एकच एक पोपटी रंगाचा लवदार चेंडू वाटतो. आमच्याकडे त्याच्या पोटजाती आहेत. 'लाइट' म्हणजे खऱ्या टेनिसच्या बॉलच्या आसपासचा. त्या खऱ्या बॉलचं वजन आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं. 'हेवी' म्हणजे खास क्रिकेटसाठी केलेला, जाड रबराचा, साधारण दुप्पट वजनाचा. मग बिनलवीचा रबरी बॉल, तो पावसाळ्यात गल्लीत खेळायला. आणि शेवटी 'सिझन', म्हणजे लेदरचा, टीव्हीवर दिसतो तो. त्याचं वजन १५५.९ ते १६३ ग्रॅम आणि घेर २२.४ ते २२.९ सेंटिमीटर. म्हणजे बघा, आकाराने तो लाइट टेनिस बॉलपेक्षा किंचितच मोठा, पण वजनाने जवळजवळ पावणेतीन पट.

हा फरक टप्पा पडायच्या आधी, हवेतच दिसतो. दोन्ही बॉल जवळपास सारख्याच आकाराचे, त्यामुळे हवा दोघांनाही जवळपास सारखीच अडवते. पण हलक्याचा वेग त्या अडवण्याने लवकर मरतो. साधा हिशोब केला तरी लाइट बॉलचा वेग सिझनपेक्षा अडीच पट झपाट्याने कमी होतो, आणि अंगावरच्या लवीमुळे अजून थोडा. म्हणून लाइट बॉलवर 'थांबून आला' ही तक्रार फलंदाज नेहमी करतात आणि हळू चेंडू टाकणाऱ्या हुशार पोरांची चलती असते. हेवी बॉल असेल तर वेगवाल्यांची. पत्रकवाल्याने फोनवर 'हेवी' म्हटलं की आमच्या संघात दोन नावं बदलतात ती यामुळे.

आता जमीन. इथे खरी गंमत आहे.

टेनिस बॉल आतून पोकळ. तो जमिनीवर आपटला की स्वतः चेपतो आणि परत फुगतो. टेनिसच्या नियमात याची परीक्षाच आहे. २५४ सेंटिमीटरवरून कडक जमिनीवर सोडलेला बॉल १३५ ते १४७ सेंटिमीटर उडाला पाहिजे. म्हणजे निम्म्याहून जास्त उंची तो परत मिळवतो. सिझन बॉल मात्र कडक. तो स्वतः फारसा चेपत नाही, जमिनीला चेपायला बघतो. जमीन घट्ट असेल तर उसळतो, भुसभुशीत असेल तर तिथेच बसतो, आणि ढेकूळ असेल तर तोंडावर येतो. थोडक्यात, टेनिस बॉल आपली उसळी सोबत घेऊन येतो आणि सिझन बॉल ती जमिनीकडून उसनी घेतो. आमच्याकडे गावोगावी टेनिस बॉलच का खेळला जातो, याचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे. (उरलेलं अर्धं उत्तर पैसे. चांगल्या लेदर बॉलच्या किमतीत टेनिसचे सात-आठ तरी सहज येतात, शिवाय पॅड, हेल्मेट, ग्लोव्हज काही लागत नाही.)

आमचं गाव शहापूरजवळ, आसनगाव-आटगावच्या पट्ट्यातलं. आमचं मैदान म्हणजे मुरमाड माळ. वर बोटभर सुटा मुरूम, खाली दगडासारखी जमीन. बहीण दिली आहे मुरबाडच्या पुढे, टोकावड्याच्या बाजूला. तिकडचं मैदान म्हणजे भाताची खाचरं, मधले एक-दोन बांध तात्पुरते फोडून केलेलं. दोन गावांत रस्त्याने फार अंतर नाही, पण बॉलच्या दृष्टीने हे दोन वेगळे देश आहेत.

माळावर नवा लवदार बॉल टाकला की लव त्या मुरमात अडकते, बॉल धरतो आणि उभा राहतो. फिरकीवाल्याला मजा. पण त्याच मुरमाने चार षटकांत बॉलची हजामत होते. मग तो केस गेलेला बॉल हवेतून जरा वेगाने येतो आणि टप्पा पडून सरपटतो. एकाच डावात दोन वेगळे बॉल खेळल्यासारखं. जाणते कप्तान म्हणून फिरकीवाल्याला सुरुवातीलाच षटकं देतात आणि वेगवान पोराला शेवटी. टीव्हीवर दिसतं त्याच्या बरोबर उलट!

खाचरात गोष्ट निराळी. डिसेंबरात चिकणमातीत खाली ओल असते. सकाळी आठच्या सामन्याला वर दव पडलेलं, त्यात लव कापसासारखी पाणी पिते. बॉल जड होतो, घसरतो, खाली राहतो. अकरा वाजले, ऊन लागलं, की तोच बॉल वाळून कंबरेएवढा उडायला लागतो. फेब्रुवारी-मार्चमधे माती वाळून कडक होते, तेव्हा खेळपट्टी सगळ्यात उत्तम. एप्रिलनंतर भेगा पडतात. भेगेच्या कडेवर पडलेला बॉल कुठे जाईल हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि खेळणाऱ्यालाही.

खाचरातली खेळपट्टी तयार करायची पद्धत मात्र बघण्यासारखी असते, कारण ती क्रिकेटची नाहीच, ती खळ्याची आहे. धसकटं काढायची, ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, धुम्मसाने चोपायचं, शेणाचा पातळ काला सारवायचा, दोन दिवस गुरं फिरकू द्यायची नाहीत. मेहुण्यांच्या गावात खळं करण्यात हातखंडा असलेले एक आजोबा आहेत. त्यांना क्रिकेटचं एल.बी.डब्ल्यू. वगैरे काही कळत नाही, पण टाच मारून जमीन कशी वाजते ते ऐकतात आणि आज खेळायचं की उद्या, ते सांगतात. पोरं बॉलवरून भांडत होती तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "आधी जमीन बघा रे, मंग बॉल." लेखाचं नाव त्यांच्याकडून उधार घेतलंय.

ज्या खेळात हे वाक्य शास्त्र म्हणून सगळ्यात पुढे गेलंय तो खेळ मात्र क्रिकेट नाही. त्याचं नावच बोलिंग. मॉलमधे असतं ते, दहा पिनांचं. ऑफिसच्या पार्ट्यांमुळे आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांनी एकदा तरी तिथले भाड्याचे बूट घातलेले असतात. रॅकवरचा रंग आवडेल तो बॉल उचलायचा, तीन भोकांत बोटं घालायची आणि द्यायचा सोडून. आपल्याला वाटतं, गुळगुळीत लाकडी पट्टी आहे, बॉल सरळ जाणार. पण जे हा खेळ मन लावून खेळतात त्यांच्यासाठी ती पट्टी म्हणजे आमचं खाचर आहे!

रेषेपासून पहिल्या पिनपर्यंत ६० फूट, रुंदी ३९ फळ्यांची. त्यावर डोळ्यांना न दिसणारा तेलाचा थर असतो. नेहमीच्या लेनवर साधारण पहिल्या ४० फुटांपर्यंत, मधे जास्त आणि कडेला कमी. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकडतो आणि वळतो. म्हणजे सगळा खेळ एवढाच : घसरणं कुठे संपेल आणि पकड कुठे सुरू होईल. बॉल जास्तीत जास्त १६ पौंडांचा, म्हणजे सव्वासात किलोचा. पण दोन सारख्याच वजनाचे बॉल अगदी वेगळे वागतात, कारण बाहेरचं कवच वेगळं आणि आतला गाभा वेगळा. प्लास्टिकचं कवच कमी पकडतं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला रिअ‍ॅक्टिव्ह रेझिनची कवचं आली, त्यांना सूक्ष्म छिद्रं असतात, ती तेल पितात आणि कोरड्या भागावर जोरात पकडतात. तेल जास्त असेल तर कवच खरखरीत घासून घ्यायचं, कमी असेल तर पॉलिश करायचं. आमचा नवा लवदार बॉल आणि केस गेलेला बॉल, तेच हे. फक्त इथे हजामत हिशोबाने करतात.

त्याहून भारी प्रकार म्हणजे भोकांचा. गंभीर खेळाडू बॉल विकत घेतो तेव्हा त्याला भोकं नसतात. आतल्या गाभ्याचा माथा कुठे आहे याची खूण बॉलवर असते. खेळाडूच्या हातून बॉल कोणत्या आसाभोवती फिरत सुटतो ते मोजतात, आणि ती खूण त्या आसापासून किती इंचांवर येईल हे ठरवून मगच भोकं पाडतात. त्या इंचा-दोन इंचांवर ठरतं की बॉल लवकर वळेल की उशिरा, गोलाईत वळेल की एकदम झटक्यात. पूर्वी तोल सावरायला एक जास्तीचं भोकही पाडता यायचं. अमेरिकेतल्या बोलिंग काँग्रेसने १ ऑगस्ट २०२० पासून त्यावर बंदी घातली. आणि एवढं करूनही खेळ पुढे सरकतो तसं तेल पुसलं जातं, पुढे ओढलं जातं, म्हणून हे लोक एकाच स्पर्धेला तीन-चार किंवा अधिक बॉल बॅगेत भरून नेतात. जमीन बदलली की बॉल बदलला.

आता या सगळ्या बॅगेत एक साधा प्लास्टिकचा बॉल असतोच. त्याचं काम वेगळं. कोपऱ्यात एकटी पिन उरली की हा बाहेर निघतो. तो तेलावरही सरळ जातो आणि कोरड्यावरही जवळपास सरळच. म्हणजे लेनचा विचारच नको असतो तेव्हा हा बॉल. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. अरे, हा तर आपला यॉर्कर!

बघा ना. सुटा मुरूम, दव, भेगा, ढेकळं. टप्पा पडल्यावर बॉल काय करेल याची खात्री नाही, आणि बॉल बदलायची मुभा नाही, कारण 'बॉल आयोजकांचा राहील'. शिवाय टप्पा आखूड पडला तर टेनिस बॉल छान उभा राहतो आणि सरळ बांधापलीकडे जातो. मग गरीब गोलंदाजाने करायचं काय? जमीन खेळातूनच काढून टाकायची. थेट बॅटच्या बुडात. बॉल जमिनीला लागला तरी तिथून पुढे जमिनीला काही करायला जागा उरत नाही. आमच्या भागातली सतरा-अठरा वर्षांची पोरं सहाच्या सहा यॉर्कर टाकतात ते कुणी शिकवलं म्हणून नाही. त्यांच्या जमिनीने त्यांना तिच्यावर भरवसा न ठेवायला शिकवलंय म्हणून.

आणि इथे माझ्या भाच्याचा प्रश्न येतो.

तो टोकावड्याकडचा, वय सतरा, उंच, आणि टेनिस बॉलवर खरोखर वेगवान. मुरबाड तालुक्यात त्याला शेजारच्या गावांचे संघ 'बाहेरचा खेळाडू' म्हणून बोलावून नेतात, जाण्यायेण्याचं भाडं देतात, जेवण देतात. या वर्षी त्याला कल्याणकडच्या एका क्लबच्या निवड चाचणीला बोलावणं आलंय. चाचणी अर्थात सिझन बॉलवर. गणपतीत घरी आला तेव्हा त्याने सरळ विचारलं, "मामा, दोन महिने हायेत. कुठल्या बॉलने प्रॅक्टिस करू?"

प्रश्न दिसायला सोपा आहे. सिझनवर खेळायचंय तर सिझनने कर. सगळे हेच म्हणतात. पण सिझन बॉल घेऊन तो टाकणार कुठे? गणपतीत खाचरात भात उभा. माळावर सुटा मुरूम, त्यावर लेदर दोन दिवसांत सोलून निघतं, शिवण फाटते, आणि बॉल कधी बसतो तर कधी नाकाशी येतो. अशा जमिनीवर सिझन बॉल टाकून तो काय शिकेल? परत तेच, की जमिनीवर भरवसा ठेवू नये. परत यॉर्कर. पण चांगल्या टर्फच्या खेळपट्टीवर नुसत्या यॉर्करने भागत नाही. तिथे बॉलची शिवण उभी ठेवून, स्टंपपासून सहा-सात मीटरवर टप्पा टाकून बाकीचं काम जमिनीला करू द्यायचं असतं. ज्या जमिनीला त्याने आयुष्यभर खेळाबाहेर ठेवलंय, तिच्यावरच सगळं सोडून द्यायचं. बॉल बदलणं त्यामानाने सोपं आहे हो. अवघड हे आहे.

सॉफ्टवेअरमधल्या लोकांना हे लगेच कळेल. टेस्टिंगला एक सर्व्हर आणि प्रत्यक्ष वापराला दुसराच असला की प्रोग्रॅम इकडे धावतो आणि तिकडे आपटतो. अशा वेळी आपण प्रोग्रॅमरला शिव्या देत नाही (बरं, देतो, पण नंतर). आपण आधी दोन्हीकडची परिस्थिती सारखी करायला बघतो.

टेनिस बॉलवरून सिझनवर जाणं अशक्य आहे असं मुळीच नाही. तमिळनाडूच्या चिन्नप्पमपट्टीचा टी. नटराजन वयाच्या विशीपर्यंत टेनिस बॉलच खेळत होता. डिसेंबर २०२० मधे तो भारताकडून खेळला, आणि जानेवारी २०२१ च्या ब्रिस्बेन कसोटीपर्यंत त्याच एका दौऱ्यात एकदिवसीय, टी-ट्वेंटी आणि कसोटी असे तिन्ही प्रकार खेळून झाले. त्याचं नाव झालं ते अर्थात यॉर्करवर. पण मधला टप्पा लोक विसरतात. २०१५ च्या सुरुवातीला रणजी पदार्पणातच त्याच्या शैलीवर शंका घेतली गेली आणि त्याला ती पुन्हा नव्याने बसवावी लागली. हलका बॉल टाकताना कोपराला झटका देऊन वेग काढायची सवय लागू शकते. गावच्या सामन्यात पंच 'फेकतोय' म्हणत नाहीत, समालोचक तर माइकवरून कौतुकच करतो. सिझनच्या क्रिकेटमधे मात्र २००५ पासून कोपर १५ अंशांपर्यंत सरळ झालेला चालतो, त्यापुढे नाही. म्हणून पहिलं काम आम्ही केलं ते मोबाइलवर बाजूने व्हिडिओ काढून हळू गतीत बघायचं. भाच्याचा हात सरळ निघाला. बहिणीने देवापुढे साखर ठेवली.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर शार्दूल ठाकूर पालघरचा. २०१४ पर्यंत पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. तो लोकलने मुंबईला जाऊन क्रिकेट खेळला. म्हणजे तो रोज चांगल्या जमिनीकडे गेला. टोकावड्याच्या पोराला आधी एसटीने मुरबाड, मग कल्याण, मग पुढे. रोज ते होत नाही. मग चांगली जमीनच इकडे आणता येईल का?

खेळपट्टीला दोन गोष्टी लागतात, रोलर आणि पाणी. रोलर मिळेल, रस्त्याच्या कामावरचा माणूस चहापाण्यावर दोन फेऱ्या मारून देतो. पण पाणी? आमच्या शहापूर तालुक्यात तानसा आहे, १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. भातसा आहे, मुंबईच्या पाण्याचा मोठा आधार. आणि उन्हाळा सुरू झाला की त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर बाया टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लावतात. मुंबईच्या मैदानांवर सकाळ-संध्याकाळ खेळपट्टीवर पाणी मारतात, ते बघताना दर वेळी मनात येतं की हे पाणी कुठून आलं असेल. तक्रार म्हणून नाही सांगत. मुंबईला पाणी लागणारच. पण जिथे पिण्याचं पाणी मोजून मिळतं तिथे क्रिकेटच्या बावीस यार्डांसाठी पाणी मागायला कुणाचं तोंड उघडत नाही, आणि उघडूही नये. भरवशाची जमीन ही फुकट मिळणारी गोष्ट नाही, एवढंच.

मग बिनपाण्याची जमीन कुठली? उत्तर जुनंच आहे, मॅटिंग. कडक जमिनीवर काथ्याची चटई ताणून बसवायची. भारतात एके काळी मोठे सामनेसुद्धा असे व्हायचे. १९५२ साली लखनौला भारत-पाकिस्तान कसोटी झाली ती ज्यूटच्या मॅटिंगवर, आणि पाकिस्तानच्या फझल महमूदने त्या सामन्यात १२ बळी घेतले. चटईवर बॉल पकडतो, शिवणीचा उपयोग होतो, उसळी सारखी मिळते. टर्फसारखी हुबेहूब नाही, पण एक गुण पक्का : आज जिथे टप्पा पडून जे झालं, तेच उद्याही होईल. शिकायला तेवढं पुरतं.

तर आमचा बेत असा ठरला. माळावरचा वरचा सुटा मुरूम पूर्ण खरवडून काढायचा, खालचा कडक थर उघडा करायचा. (इथे ते धुम्मसवाले आजोबा खास मुरबाडहून आले. त्यांनी टाच मारली, मान हलवली आणि जागा चार हात डावीकडे सरकवायला लावली.) पूर्ण बावीस यार्ड चटई परवडत नव्हती, आणि गोलंदाजाला ती लागतही नाही. बॉल जिथे पडतो तेवढीच लागते. म्हणून फलंदाजाच्या बाजूची अर्धी चटई घेतली, चारही बाजूंनी लांब खिळे आणि वॉशर मारून ताणली. चटईचे अर्धे पैसे मी दिले, अर्धे त्या पोरांनी मागच्या वर्षीच्या बक्षिसातून काढले. ही अट माझी होती.

बॉल दोन प्रकारचे. दोन तुकड्यांच्या कातड्याचा स्वस्त सिझन बॉल रोजच्यासाठी. चार तुकड्यांचा, चाचणीत असतो तसा, फक्त रविवारी. शिवाय कल्याणच्या एका ओळखीच्याकडून क्लबचे वापरलेले जुने बॉल पिशवीभर आणले, कारण जुना बॉल कसा वागतो तेही शिकायला हवं. पावणेतीन पट वजन एकदम खांद्यावर टाकायचं नाही, म्हणून पहिला आठवडा रोज फक्त तीन षटकं, तीही अर्ध्या वेगाने, आणि मग हळूहळू वाढवत न्यायचं. फलंदाज नाही, एकच स्टंप. चटईवर स्टंपपासून सहा आणि सात मीटरवर फक्कीच्या दोन आडव्या रेषा, दोन उभ्या. झाला चौकोन. दोन महिने यॉर्कर बंद. हे त्याला सगळ्यात जड गेलं. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मामा, बॉल पडल्यावर माझ्या हातात काही राहतच नाय." मी म्हटलं, अरे बाबा, तेच तर शिकायचंय.

तेव्हापासून तो एका वहीत रोजचा आकडा लिहितो. पहिल्या दिवशी १८ पैकी २ चेंडू चौकोनात पडले. दुसऱ्या आठवड्यात एकदा ७ झाले. परवा संध्याकाळी ३० पैकी १७, आणि त्यातला एक शिवणीवर पडून असा आत आला की मी स्टंपामागे उभा होतो तो दचकून बाजूला झालो. तो मात्र तिथेच उभा राहून चटईकडे बघत होता, बॉलकडे नाही.

चाचणीला अजून सोळा दिवस आहेत. निवड होईल न होईल, तिथे येणारी बाकीची पोरं लहानपणापासून टर्फवर वाढलेली असणार. पण चटई कुठे जात नाही. कालच गावातली अजून चार पोरं आपापल्या रेषा मारून द्या म्हणून फक्की घेऊन आली होती.